डाव्या हाताचा चाकू

द्राक्षाचं कलम करायच्या चाकूला धार एकाच अंगाने असते. एका बाजूला उतार, दुसरी बाजू पूर्ण सपाट. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्हीकडून उतार असतो, त्यामुळे ती कापताना दोन्ही बाजूंना सारखंच ढकलत खाली जाते. कलमाला ते चालत नाही. काडीला पाचर करताना पात्याची सपाट बाजू लाकडाला टेकून गेली, तरच काप सपाट उतरतो. आता ही सपाट बाजू कोणत्या अंगाला ठेवायची, हे चाकू बनवणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं, आणि तो ते उजव्या हाताचा हिशोब धरून ठरवतो. तोच चाकू डाव्या हातात घेतला की उतार लाकडाकडे येतो. पातं काडीत सरळ न जाता बाहेर पळायला बघतं आणि काप मध्येच खोलगट होतो.

मी डावखुरा आहे. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, जत आणि तिकडे सातारा जिल्ह्यात खटाव-माण, एवढ्या पट्ट्यात माझी कलमं करण्यात हयात गेली. डाव्या हातासाठी घडवलेला मिटता चाकू घ्यायचा की नाही, हे ठरवायला मात्र मला फार वेळ लागला. त्या वेळात जे कळलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

आधी कामाबद्दल सांगतो, कारण चाकू त्यातूनच समजतो. पूर्वी आपल्याकडे द्राक्षवेल स्वतःच्याच मुळांवर असायची. थॉमसनची काडी लावायची आणि वाढवायची. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडली, तीही सुरुवातीला तशीच लावली जायची. मग पाणी कमी पडू लागलं, जे होतं ते खारट होत गेलं, जमिनी चोपण झाल्या आणि वेली खंगायला लागल्या. 1990 च्या दशकात लोक अमेरिकन खुंटांकडे वळले. डॉगरिज आला, पुढे 110 आर आला. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन बागा संपवल्या, तेव्हा त्यांनीही अमेरिकन मुळांचाच आधार घेतला होता. आपल्याला किडीने नाही, दुष्काळाने आणि क्षारांनी तिथे नेलं. खाली रानटी, चिवट खुंट आणि वर आपली गोड जात. या दोघांचा सांधा जुळवणं हे माझं काम.

खुंट साधारण जानेवारी ते मार्चमध्ये लावतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, हवेत ओल आणि ऊब दोन्ही असतात तेव्हा, जागेवरच कलम करतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झालेला हवा. जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर तो कापायचा, मधोमध चीर द्यायची, दोन डोळ्यांच्या काडीला खालून पाचर करायची, चिरीत बसवायची आणि पट्टीने आवळून बांधायची. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो हिरवा पापुद्रा असतो, तो निदान एका बाजूला तरी काडीचा आणि खुंटाचा तंतोतंत भिडला पाहिजे. तिथूनच जीव जोडला जातो. पाचरीला पोट आलं किंवा ती खोलगट झाली की मध्ये हवा राहते, आणि त्या पोकळीत काडी सुकते किंवा कुजते. नऊ बाय पाच फुटांवर लागण असली तर एकरात साडेनऊशेच्या वर झाडं बसतात. झाडामागे पाचरीचे दोन काप, म्हणजे एका एकराला दोन हजारांच्या आसपास काप झाले. प्रत्येक काप एका ओढीत व्हायला हवा. दुसऱ्यांदा चाकू फिरवला की सपाटी गेलीच.

पैसे बहुतेक ठिकाणी जगलेल्या कलमावर मिळतात. पंधरा-वीस दिवसांनी डोळे फुटले की मालक, टोळीचा मुकादम आणि आम्ही ओळीने मोजत जातो. न फुटलेल्या काडीचा सगळा दोष चाकूचा नसतो. काडी कोवळी असते, पाऊस लागून राहतो, बाग तापते. पण न फुटलेली काडी उपटून तिची पाचर बघायची सवय मी लावून घेतली होती. पाचर पाहिली की कारण कळतं.

डाव्या हाताबद्दल लहानपणापासून जे ऐकलं, ते प्रत्येक डावखुऱ्याने ऐकलेलं असतं. जेवताना, प्रसाद घेताना, पाटीवर लिहिताना उजवा हात पुढे कर. लिहायला मी उजव्याने शिकलो आणि आजही उजव्यानेच लिहितो. टोळीत आलो तेव्हा मुकादमाने पहिल्याच दिवशी चाकू उजव्या हातात दिला. तो वाईट माणूस नव्हता. सगळी टोळी जशी कापते तसं पोराने कापावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. उजव्याने माझा काप सुटायचा, पण डाव्यासारखी ताकद आणि नेम त्यात नव्हता. हळूहळू मी डाव्यावर आलो आणि त्या हाताला चालेल असं काहीतरी शोधत राहिलो.

दाढीचं पातं बांबूच्या कामटीत अडकवून बघितलं. नवं असताना ते सुरेख कापतं, पण डॉगरिजची काडी कठीण असते, पातं वाकतं आणि काप वळतो. पेपर कटरचंही तसंच. बाजारातला दोन्हीकडून धार असलेला साधा चाकू डाव्याला चालतो, उजव्याला चालतो आणि खरं तर कोणालाच नीट चालत नाही. मग मी उजव्या चाकूवरच मनगट फिरवून कापायला शिकलो. उतार लाकडाकडे येतो ना, मग मनगट एवढं आत वळवायचं की धार सपाट बसेल. जमलं, चांगलं जमलं. माझी कलमं इतरांच्या बरोबरीने जगत होती. पण हंगाम संपता संपता अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ यायची आणि दिवाळीपर्यंत राहायची.

डावखुरेपणाचा एक फायदाही सांगायला हवा. ओळीत जोडीने काम करताना एक उजवा आणि एक डावा असे समोरासमोर बसले, तर कोपराला कोपर लागत नाही. माझा जोडीदार खुंट चिरायचा, मी काडी तासून त्याच्या चिरीत बसवायचो, तो बांधायचा. आम्हा दोघांचे हात एकाच बाजूने खुंटापाशी यायचे. इतकी जुळलेली जोडी पुढे मी दुसऱ्या कुठल्या टोळीत पाहिली नाही.

पलूस भागातल्या एका बागायतदाराचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. गणपतीला घरी आला होता, तेव्हा बांधावर बसून त्याने माझं कापणं बराच वेळ पाहिलं. "काका, तुम्ही मनगट असं का वळवता?" असं विचारलं. मी सांगितलं. दोन दिवसांनी त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. रॉयटलिंगेन या गावच्या टीना नावाच्या जुन्या कंपनीचा कलमाचा चाकू. मिटणारा, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आत पितळी पट्टी, कार्बन पोलादाचं सरळ धारेचं पातं. हाच चाकू डाव्या हातासाठी वेगळा मिळतो, असं तो म्हणाला. एवढ्या वर्षांत असा चाकू जगात कोणी मुद्दाम करत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी ते चित्र मोठं करून करून बघितलं. उतार खरंच पलीकडच्या अंगाला होता.

किंमत ऐकून मात्र मी गप्प झालो. इथे येईपर्यंत सगळा खर्च धरून दहा हजारांच्या घरात. तेवढ्यात टोळीतल्या प्रत्येकाला चाकू आणि वर छाटणीची कात्री आली असती. घरी सांगितलं तर बायकोने आधी पैशाचं काढलं आणि मग खरी काळजी बोलून दाखवली. "खिशात मिटता चाकू घेऊन हिंडणार? लोक काय समजतील?" हिंदी सिनेमाने रामपुरी चाकू घराघरांत असा पोचवला आहे की मिटणारं पातं म्हटलं की गुंडच आठवतो. तिची भीती उगाच नव्हती. एका निवडणुकीच्या काळात नाकाबंदीवर माझी पिशवी उघडायला लावली होती, आणि चाकू, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, बांधायची पट्टी हे सगळं दाखवून मला काम समजावून सांगावं लागलं होतं. नंतर एका वकिलाकडून नियम समजून घेतला. हत्यार कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. कलमाचं पातं बोटाएवढंही नसतं. कामावर जाता-येता बाळगायला हरकत नाही, जत्रेत किंवा सभेत खिशात ठेवू नये, एवढं भान पुरे.

माझी शंका वेगळीच होती. मिटत्या चाकूचा जीव त्याच्या सांध्यात असतो. आत रिव्हेट, पाठीला पट्टीची स्प्रिंग. तिथे माती जाते, काडीचा चीक जातो, आणि एकदा पातं डावी-उजवीकडे हलायला लागलं की कलमाच्या दृष्टीने तो चाकू गेला. शिवाय कार्बन पोलाद गंजतं. एका बागेतला रोग दुसरीत जाऊ नये म्हणून आम्ही पाती औषधाच्या पाण्यात बुडवतो, त्यातलं हायपोक्लोराइट असलं पोलाद खाऊन टाकतं. स्टेनलेस गंजत नाही, पण कार्बनसारखी धार ते पटकन घेत नाही. मिटणारा नको आणि परदेशी नको असं म्हणायला मला पुरेशी कारणं होती.

म्हणून आधी इथेच करून घ्यायचं ठरवलं. खटावकडे एका लोहाराला पॉवर हॅक्सॉचं जुनं पातं दिलं आणि उतार कुठल्या अंगाला हवा ते कोळशाने फरशीवर काढून दाखवलं. गाडीच्या कमानपाट्याचे कोयते घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने बनवलेला चाकू सरळ, न मिटणारा होता आणि कापायला फार चांगला होता. पहिल्यांदाच मनगट न वळवता माझी पाचर सपाट उतरली. "मिटणारा करा की," म्हटल्यावर त्याने मान हलवली. "सांध्याचं काम माझं न्हवं. ढिला झाला तर तुमचंच बोट जाईल." आपलं काम कुठवर आहे हे माहीत असलेला कारागीर होता, आणि त्याच्या त्या उत्तराने मला सांध्याकडे अधिक बारकाईने बघायला लावलं. न मिटणाऱ्या चाकूचं म्यान दिवसातून शंभरदा काढावं-घालावं लागतं. मोटारसायकलवरून एका बागेतून दुसरीत जाताना ते मांडीला टोचतं, आणि चिखलात बसून काम करताना म्यानातच माती साठते. आमच्या कामाला चाकू मिटताच हवा, हे त्या लोहाराच्या चांगल्या चाकूमुळेच पटलं.

याच काळात मिरजेला जाणं झालं. एका नातेवाइकांना दवाखान्यात दाखल केलं होतं आणि मोकळ्या वेळात मी सतारमेकर गल्लीत फिरत असे. इथले वाद्यं करणारे शिकलगार मूळचे हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया सरल्या आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ते कसब सतार-तंबोऱ्याकडे वळवलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका दुकानात एक वयस्क कारागीर पटाशीने लाकूड तासत होते. पटाशीलाही धार एकाच अंगाची. मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी माझा उजवा चाकू घेतला, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली आणि म्हणाले, "सपाट बाजूला तुम्ही दगड तिरका लावलाय." खरंच, डाव्या हाताला सोयीचं व्हावं म्हणून मी सपाट बाजूलाही थोडा उतार देत असे. त्यांनी दगड पाण्याने भिजवला, सपाट बाजू पूर्ण टेकवून फक्त कणी मोडेपर्यंत घासली आणि बाकी सगळं काम उताराच्या बाजूने केलं. मग चामड्यावर चार हात मारले. कणी म्हणजे धार लावताना पलीकडे वळणारा पोलादाचा बारीक ओठ. तो राहिला तर पातं कापत नाही, फाडतं.

बोलता बोलता मी विचारलं, डावखुरा वादक आला तर काय करता? ते म्हणाले, त्याच्यासाठी सतार उलटी बांधतो. खुंट्या पलीकडे, तारांचा क्रम उलटा, घोडीही त्याप्रमाणे. "वाजवणाऱ्याने हात बदलायचा की वाद्याने? वाद्य आपण करतो, हात आपण करत नाही." त्या दिवशी मी सांगलीला एसटीने परतलो तो खिडकीबाहेर न बघताच. इतकी वर्षं मी हात बदलत होतो, आणि तो बदललेला हात म्हणजेच आपलं कसब असं मानत होतो.

तरीही पैसे काढले नाहीत. नुसत्या चित्रावरून हत्यार घेऊ नये, हे माझं मत आजही कायम आहे. किर्लोस्करवाडीच्या बाजूला कलमं करताना लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट हमखास निघते. औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी घ्यायला तयार नव्हते. ही गोष्ट सांगताना लोक त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरवतात. मला तसं वाटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका पेरणीवर आहे, त्याने नवं अवजार आधी दुसऱ्याच्या रानात चाललेलं पाहावं, यात चूक काही नाही.

दुसऱ्याच्या रानात पाहायची संधी सातारा जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेत मिळाली. मालकाकडे त्याच कंपनीचा उजव्या हाताचा चाकू होता, बरीच वर्षं वापरलेला. आधी सांधा पाहिला. पातं उघडून टोकाला धरून दोन्ही बाजूंना दाबलं, ते हललं नाही. मग माझ्या जोडीदाराला त्या चाकूने पाचर करायला सांगितली. दोन पाचरींचे काप एकमेकांवर टेकवून उजेडाकडे धरले, मधून उजेड दिसला नाही. नंतर तोच चाकू मी डाव्या हातात घेतला, मुद्दाम मनगट न वळवता. काप टेकवून धरले तर मधोमध उजेडाची फट. एकच चाकू, एकच काडी, फक्त हात वेगळा. मालकाला गंजाबद्दल विचारलं. स्पिरिटचा बोळा फिरवायचा, संध्याकाळी पुसून सांध्यात मशिनच्या तेलाचा थेंब सोडायचा, आणि हायपोक्लोराइटमध्ये कधीही बुडवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्या शंकांपैकी आता फक्त किंमत उरली.

ती शंका मिटवली एका मुलीने. आमच्या भागात विरळणी, डिपिंग, घड तोडणं ही कामं बायका करतात. कलमाला सहसा पुरुषांचीच टोळी असते. टोळीतल्या एकाची मुलगी बारावी झाल्यावर काड्या निवडायला येऊ लागली आणि रिकाम्या वेळी टाकाऊ काड्यांवर पाचरी करून बघायची. तिचा हात स्थिर होता. तीही डावखुरी. एक दिवस म्हणाली, "तात्या, ह्यो चाकू माझ्या हातात आडवाच जातुया." बाजूचा एकजण लगेच म्हणाला, "मग उजव्यानं धर की." मी तिला मनगट वळवायची माझी युक्ती दाखवायला लागलो. ती दोन-तीन दिवसांत शिकली, आणि आठवड्याने मी पाहिलं तर ती अंगठ्याचं मूळ चोळत बसली होती. माझी कळ मी तिला शिकवली होती. रात्री जर्मनीतल्या त्या मुलाला निरोप पाठवला, की पुढच्या खेपेला येताना घेऊन ये.

चाकू आला तेव्हा खंडेनवमी जवळ होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. कोयता, कात्री, निसणा यांच्या ओळीत तो ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला घेतला. सुरुवातीला तो मला जमला नाही. हात आपोआप आत वळायचा आणि आता त्या वळण्यानेच काप बिघडायचा. कित्येक वर्षांची सवय सोडायला तो हंगाम खर्ची पडला. जगलेल्या कलमांचा आकडा एकदम वाढला असं मी सांगणार नाही, तो आधीही चांगला होता. फरक हातात पडला. दिवाळीत फराळाचं ताट डाव्या हाताने उचललं, तेव्हा कोपरात काही दुखलं नाही.

या चाकूला एक उणीव आहे. त्याला पातं उघडं राहील असं कुलूप नाही, फक्त स्प्रिंगचा जोर आहे. ओढून कापताना ते मिटत नाही, पण कोणी तो टोकाने भोसकायला वापरला तर बोटावर मिटेल. खुंटाला चीर देताना पात्याच्या पाठीवर ठोकू नये, हेही त्याच कारणाने. मुलीला ते पहिल्याच दिवशी सांगितलं. ती सध्या लोहाराने केलेल्या न मिटणाऱ्या चाकूवर काम करते, तो तिच्या हाताला बसला आहे. यंदाच्या हंगामात जगलेल्या कलमांचे तिचे वेगळे पैसे मुकादमाने तिच्या नावावर काढले आहेत. त्यातून मिटता चाकू घ्यायचा की एवढे पैसे कॉलेजच्या फीला ठेवायचे, हे तिचं अजून ठरलेलं नाही. तिने माझा चाकू पंधरा दिवस वापरायला मागितला आहे, आधी तपासून बघते म्हणाली. ऑगस्टमध्ये पहिली बाग सुरू झाली की देणार आहे.